स्ट्रेंज क्वार्क पदार्थ लोखंडापेक्षा स्थिर असेल, तर आपण अजून जसेच्या तसे कसे?

प्रश्न भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: अप, डाउन आणि स्ट्रेंज हे तिन्ही क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या मूलकणांचे बनतात ते क्वार्क, त्यांच्या या तीन जाती) जवळजवळ सारख्या प्रमाणात असलेला पदार्थ लोखंडाच्या अणुकेंद्रकापेक्षाही स्थिर असू शकतो, असे वाचले. तसे असेल तर आपल्या अंगातली अणुकेंद्रके त्यात बदलून का गेली नाहीत? त्याचा एखादा कण प्रयोगशाळेत तयार झाला तर तो पृथ्वी गिळेल का? आणि विश्वात तो कुठे असलाच, तर ओळखायचा कसा?

मी अतिघन पदार्थाच्या अवस्था-समीकरणांवर (दाब आणि घनता यांच्या नात्यावर) बरीच वर्षे काम करते आहे, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो. तिन्ही उपप्रश्न वेगवेगळे दिसतात, पण त्यांची उत्तरे दोनच राशींवर टेकलेली आहेत. एक, शून्य दाबाला त्या पदार्थाची दर बेरिऑनमागची (म्हणजे दर तीन क्वार्कांमागची; प्रोटॉन, न्यूट्रॉन हे बेरिऑनच) ऊर्जा किती. दोन, त्याच्या तुकड्यावरचा विद्युतभार धन की ऋण. पहिलीवर सगळ्यांचे लक्ष असते. माझ्या मते दुसरी तितकीच महत्त्वाची आहे, आणि धोक्याची चर्चा करताना तीच राहून जाते.

आधी ऊर्जा. लोखंड-५६ मध्ये दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) वस्तुमान-ऊर्जा ९३०.४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे एमईव्ही) आहे. मोकळ्या प्रोटॉनची ९३८.३, न्यूट्रॉनची ९३९.६. म्हणजे अणुकेंद्रकांच्या दुनियेतली सगळी स्थिरता, सूर्याचे जळणे, युरेनियमचे फुटणे, हे सारे ९३० ते ९४० या अरुंद पट्ट्यात घडते. प्रश्न इतकाच की क्वार्कची मांडणी बदलून या पट्ट्याच्या खाली उतरता येते का.

१९७१ मध्ये अर्नॉल्ड बोडमर यांनी 'कोसळलेल्या अणुकेंद्रकां'चा विचार मांडला: आपली अणुकेंद्रके ही केवळ दीर्घायुषी अवस्था असेल आणि तिच्या खाली आणखी एक, अधिक घट्ट अवस्था असू शकेल. १९७९ मध्ये जपानच्या हिदेझुमी तेराझावांनीही त्याच दिशेने मांडणी केली. १९८४ मध्ये एडवर्ड विटेन यांचा निबंध आला, आणि त्याच वर्षी एडवर्ड फार्ही व रॉबर्ट जॅफी यांनी एमआयटीच्या 'बॅग मॉडेल'मध्ये (क्वार्क एका पिशवीत कोंडलेले मानणाऱ्या प्रतिमानात) सविस्तर गणित केले. छोट्या तुकड्यांना 'स्ट्रेंजलेट' हे नाव त्या दोघांनीच दिले.

गणिताचा गाभा पाउलीच्या नियमात आहे. एकाच जातीचे दोन क्वार्क एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, म्हणून घनता वाढली की नव्या क्वार्कला वरच्या, महागड्या अवस्थेत जावे लागते. दोन चाळी आहेत असे समजा, अप आणि डाउन. खालच्या खोल्या भरल्या की बिऱ्हाडे वरच्या मजल्यांवर चढत जातात. शेजारी तिसरी चाळ उघडली तर वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडे तिच्या खालच्या खोल्यांत जातील आणि सगळ्यांचे मिळून चढणे कमी होईल. फक्त या तिसऱ्या चाळीचे जोतेच उंच आहे: स्ट्रेंज क्वार्कचे वस्तुमान सुमारे ९५ एमईव्ही, तर अप व डाउनचे अनुक्रमे सुमारे २ आणि ५. साध्या अणुकेंद्रकात तिकडे जाणे परवडत नाही. पण क्वार्क मोकळे झालेल्या घन पदार्थात वरच्या मजल्याची उंची सुमारे ३०० एमईव्ही असते, आणि तिथून ९५च्या जोत्यावर उतरणे फायद्याचेच ठरते.

फायदा किती? तिन्ही क्वार्क बिनवस्तुमानाचे धरले तर तीन जातींच्या पदार्थाची दर बेरिऑनमागची ऊर्जा दोन जातींच्या पदार्थाच्या ०.८९ पट येते. हा आकडा बॅग मॉडेलच्या स्थिरांकावर अवलंबून नाही, म्हणून तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. नऊशेच्या घरात अकरा टक्के म्हणजे जवळजवळ शंभर एमईव्ही. अणुकेंद्रकांची सर्वांत मोठी बंधनऊर्जा दर न्यूक्लिऑनमागे पावणेनऊ एमईव्हीच्या आसपास असते, त्याच्यापुढे हे घबाड आहे. विटेन यांच्या कल्पनेला इतक्या लोकांनी गांभीर्याने घेतले ते यामुळे.

आता दुसरी बाजू. क्वार्क मोकळे करायलाच किंमत पडते. निर्वात अवकाशात क्वार्क मोकळे राहत नाहीत, त्यांच्यासाठी 'बॅग' तयार करायला दर घनफळामागे ऊर्जा द्यावी लागते. ती ऊर्जा म्हणजेच बॅग स्थिरांक, आणि तो कुठल्याही मूलभूत गणितातून नेमका निघत नाही. एक आधार मात्र निसर्गानेच दिला आहे. लोखंडाचे अणुकेंद्रक विरघळून अप-डाउन क्वार्कचे लापशीसारखे द्रव्य होत नाही. या बदलाला क्वार्कची जात पालटावी लागत नाही, त्यामुळे तो शक्य असता तर तत्काळ झाला असता. अर्थात दोन जातींच्या पदार्थाची ऊर्जा ९३०च्या वर असली पाहिजे. बॅग स्थिरांकाचे चतुर्थमूळ १४५ एमईव्ही धरले की दोन जातींना ९३४ येते. तिथेच खालची मर्यादा. त्याच स्थिरांकाला तीन बिनवस्तुमानी जातींना ८२९ येते, आणि स्ट्रेंजचे वस्तुमान १५० धरले (जुन्या गणितांत हाच आकडा भेटतो) तर ८७४. दोन्ही लोखंडाच्या बरेच खाली. पण हेच चतुर्थमूळ १६५वर नेले तर बिनवस्तुमानी गणितही ९४३ देते, म्हणजे स्थिरता गेली.

या खिडकीची रुंदी बघा. १४५ ते साधारण १६३. बॅग मॉडेल हे हॅड्रॉनांची (क्वार्कांपासून बनलेल्या कणांची) वस्तुमाने जुळवण्यासाठी बेतलेले ढोबळ साधन आहे, आणि एवढी बारीक निवड त्याच्याकडून करून घेणे म्हणजे त्याच्यावर झेपणार नाही असा भार टाकणे. क्वार्कांमधल्या प्रबळ बलाचा मूळ सिद्धांत, क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, आपल्याकडे आहे. संगणकावरच्या जाळीत तो सोडवून प्रोटॉनचे वस्तुमान उत्तम जुळते. पण बेरिऑनांची घनता वाढली की त्या गणितातल्या पदांची चिन्हे उलटसुलट होऊन ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि संगणकाचा वेळ भयानक वेगाने वाढत जातो. या 'चिन्हाच्या अडचणी'वर अनेक तल्लख माणसांनी आयुष्ये घातली आहेत. ती सुटेपर्यंत 'स्ट्रेंज पदार्थ स्थिर आहेच' किंवा 'नाहीच' असे ठामपणे सांगणाऱ्याला एवढेच विचारा की शेवटचे पाच टक्के कुठून आणले.

या खिडकीला दोन धक्के नंतर बसले. पहिला १९९८-९९ च्या सुमारास. मार्क अल्फर्ड, कृष्ण राजगोपाल आणि फ्रँक विल्चेक यांनी दाखवले की अतिघन पदार्थात तिन्ही जातींचे व तिन्ही रंगांचे ('रंग' हे क्वार्कांवरच्या प्रबळ भाराचे नाव, डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे) क्वार्क अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांसारख्या जोड्या बांधू शकतात. या अवस्थेला 'कलर-फ्लेवर लॉक्ड' म्हणतात, आणि जोडी तोडायला लागणारी ऊर्जा दहा ते शंभर एमईव्हीच्या दरम्यान अंदाजली जाते. एवढ्या जोड्या बांधल्या की एकूण ऊर्जा आणखी खाली येते, म्हणजे खिडकी रुंदावते.

दुसरा धक्का उलट दिशेचा. २०१८ मध्ये बॉब होल्डम, जिंग रेन आणि चेन झांग यांनी मांडले की स्ट्रेंजची गरजच नसेल: बेरिऑनांची संख्या सुमारे ३०० ओलांडली की दोन जातींचाच क्वार्क पदार्थ स्थिर असू शकेल. मी वर सांगितलेला आधार यातून कसा सुटतो? लहान तुकड्यात पृष्ठभागाची ऊर्जा जास्त पडते, म्हणून लोखंड सुरक्षित राहते. पुरेसा मोठा तुकडा मात्र खाली उतरतो. ज्ञात मूलद्रव्यांपैकी सर्वांत जड ओगॅनेसन-२९४ या उंबरठ्याच्या अगदी अलीकडे आहे. मला हा निबंध वाचताना अस्वस्थ आणि आनंदी असे दोन्ही वाटले होते, कारण चाळीस वर्षे ज्या पायरीवर सगळे निःशंक उभे होते तीच त्याने हलवली.

आता पहिला उपप्रश्न. खालची अवस्था असेल तर आपण तिकडे घरंगळलो का नाही?

लोखंडाच्या केंद्रकाला स्ट्रेंज पदार्थ व्हायचे तर त्यातल्या साधारण एक तृतीयांश क्वार्कांची जात पालटून स्ट्रेंज व्हावी लागेल. जात पालटणे हे फक्त दुर्बल आंतरक्रियेला जमते, आणि ती संथ आहे. तरी एकेक करत पुरेशा काळात होईल, असे वाटेल. तसे होत नाही, कारण मधल्या पायऱ्या चढणीच्या आहेत. केंद्रकात एकच स्ट्रेंज क्वार्क आला की मिळतो लॅम्डा कण, १११६ एमईव्हीचा, न्यूक्लिऑनपेक्षा सुमारे १७६ने जड. जड केंद्रकात तो खोल बांधला गेला तरी तीसेक एमईव्हीच परत मिळतात. म्हणजे पहिल्याच पावलाला दीडशे एमईव्हीचा खड्डा, दुसऱ्याला तेवढाच. नफा सुरू होतो तो डझनावारी क्वार्क एकदम पालटले तर. एका दुर्बल घटनेची शक्यता लहान, आणि डझनभर घटना एकाच क्षणी घडण्याची शक्यता म्हणजे तो लहान आकडा स्वतःशीच डझनभर वेळा गुणलेला. येणारा काळ विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयापुढे इतका प्रचंड असतो की त्याची तुलना करण्यातही अर्थ राहत नाही. आपली अणुकेंद्रके खालच्या अवस्थेत नसतील तरी ती तिथे जाण्याची वाट बंद आहे.

आणि अगदी लहान तुकड्यांना तर खालची अवस्था उपलब्धही नाही. बॅग मॉडेलच्या त्याच निवडीत (स्थिरांकाचे चतुर्थमूळ १४५, स्ट्रेंजचे वस्तुमान १५०) येस्पर मॅडसेन यांनी पृष्ठभाग व वक्रता धरून काढलेले सूत्र वापरले तर ५६ बेरिऑनांना दर बेरिऑनमागे सुमारे ९१० येतात, आणि दहा बेरिऑनांना सुमारे ९६०. छप्पन्न स्थिर, दहा नाही. सीमा विशीच्या आसपास, आणि बॅग स्थिरांक जरा वाढवला तर ती शेकड्यांत किंवा हजारांत जाते. प्रयोगही याला पुष्टी देतात. १९७७ मध्ये जॅफी यांनी दोन अप, दोन डाउन, दोन स्ट्रेंज अशा सहा क्वार्कांच्या एच-डायबेरिऑनचे भाकीत केले होते. २००१ मध्ये जपानच्या केईके प्रयोगशाळेतल्या इमल्शन पट्ट्यांत 'नागारा' नावाने प्रसिद्ध झालेली घटना सापडली: हेलियमच्या एका केंद्रकात दोन लॅम्डा शेजारी-शेजारी, एकूण सुमारे सात एमईव्हीने बांधलेले. ते एकमेकांत विरघळून एच झाले नाहीत. एच खोल बांधलेला असता तर हे चित्र दिसलेच नसते. बेरिऑन संख्या दोनला स्ट्रेंज पदार्थाने हात दिला नाही, एवढे तरी पक्के.

आता ज्या प्रश्नाने लोक खरोखर घाबरले होते त्याकडे. अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत सोन्याची केंद्रके एकमेकांवर आदळवणारे आरएचआयसी यंत्र २००० साली सुरू झाले. त्याच्या आधीच्या वर्षी वर्तमानपत्रांतून भीती उठली की त्यात स्ट्रेंजलेट बनेल आणि तो पृथ्वी पचवेल. प्रयोगशाळेने विट बुझा, रॉबर्ट जॅफी, जॅक सँडवाइस आणि विल्चेक यांना अहवाल लिहायला सांगितले. तो अहवाल मी नव्या विद्यार्थ्यांना आजही वाचायला देते, कारण भीतीला टिंगलीने न उडवता पायरी-पायरीने तपासायचे कसे, याचा तो वस्तुपाठ आहे.

युक्तिवाद साखळीचा आहे. अनर्थ व्हायला चार गोष्टी एकदम खऱ्या असाव्या लागतील: स्ट्रेंज पदार्थ शून्य दाबाला स्थिर, लहान तुकडाही स्थिर किंवा निदान पुरेसा टिकणारा, तो टकरीत तयार होणे शक्य, आणि वर त्याचा विद्युतभार ऋण.

मला रेंगाळायचे आहे ते शेवटच्या कडीवर. अप क्वार्कवर +२/३ भार, डाउन आणि स्ट्रेंजवर प्रत्येकी −१/३. तिन्ही अगदी सारख्या संख्येने असते तर बेरीज शून्य. पण स्ट्रेंज जड आहे म्हणून त्याची संख्या किंचित कमी पडते, आणि ऋण भार तुटतो. पदार्थ धनभारित राहतो आणि समतोलासाठी आपल्याभोवती इलेक्ट्रॉनांचे वेष्टन बाळगतो, अणूसारखेच. साध्या गणितात लहान तुकड्याचा भार बेरिऑन संख्येच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो. साध्या केंद्रकात तो अर्ध्याच्या जवळ असतो. जोड्या बांधलेल्या अवस्थेत आतला पदार्थ पूर्ण उदासीन असतो, पण पृष्ठभागाजवळ जड स्ट्रेंज क्वार्कांची घनता घटते, म्हणून तुकड्यावर पुन्हा थोडा धन भार उरतोच.

धन भार म्हणजे काय? धन स्ट्रेंजलेट साध्या केंद्रकाला दूर ढकलतो. खोलीच्या तापमानाला ऑक्सिजनचे किंवा लोखंडाचे केंद्रक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो इलेक्ट्रॉन गोळा करून एखाद्या विचित्र जड समस्थानिकासारखा शांत बसेल. त्याला खाता येतील ते फक्त भार नसलेले न्यूट्रॉन, आणि पृथ्वीवर मोकळे न्यूट्रॉन पडलेले नसतात. ऋण स्ट्रेंजलेट मात्र केंद्रकांना ओढून घेईल, म्हणून सगळी भीती त्या एका चिन्हावर उभी आहे. ऋण भार यायला स्ट्रेंजची संख्या अप आणि डाउनपेक्षा जास्त व्हावी लागेल. तसे गणित क्वार्कांमधली आंतरक्रिया बरीच ताणून धरल्याशिवाय जमत नाही.

तयार होण्याची कडीही कच्ची आहे. टकरीतला अग्निगोल विझताना कण सुटतात त्या वेळी तापमान सुमारे १५५ ते १६० एमईव्ही असते, म्हणजे जवळजवळ १.८ लाख कोटी अंश केल्विन. स्ट्रेंजलेटच्या बंधनाला दर बेरिऑनमागे फार तर काही दहा एमईव्ही मिळतात, आणि टिकायला तर त्याला शून्याच्या जवळचे तापमान हवे. यंत्राची ऊर्जा वाढवली की धोका वाढेल असे लोकांना वाटते, होते उलटे. ऊर्जा जितकी जास्त, तितका अग्निगोल तापतो आणि त्याच्या मध्यभागी बेरिऑनांचा निव्वळ साठा कमी उरतो. म्हणून सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा २००८चा सुरक्षा-अहवाल स्ट्रेंजलेटची शक्यता तिथे आरएचआयसीपेक्षाही कमी ठरवतो. आरएचआयसीवरच्या स्टार प्रयोगाने मुद्दाम शोध घेतला. काही सापडले नाही.

आणि या सगळ्या सैद्धांतिक युक्तिवादांपेक्षा मला जास्त धीर देणारी गोष्ट म्हणजे चंद्र. त्याच्यावर वातावरण नाही. साडेचारशे कोटी वर्षे अतिवेगवान वैश्विक किरणांतली लोखंडाची केंद्रके त्याच्या मातीतल्या लोखंडावर आदळत आहेत, आणि चंद्र जागेवर आहे. एक सूक्ष्म हरकत इथे घेता येते: स्थिर मातीवरच्या टकरीतून निघणारा तुकडा प्रचंड वेगाने पुढे जातो आणि थांबण्याआधी फुटू शकतो, तर समोरासमोर आदळणाऱ्या यंत्रात तो जवळजवळ स्थिर जन्मतो. हरकत रास्त आहे. म्हणून अर्नॉन दार, अल्वारो दे रुहुला आणि उलरिच हाइन्झ यांनी १९९९ मध्ये अंतराळातच किरणांच्या परस्पर टकरींचा हिशेब मांडला. त्यातून बनलेले धोकादायक तुकडे कधी ना कधी ताऱ्यांत जाऊन पडले असते, आणि तारे स्फोटाने उजळताना आपल्याला दिसले असते. तसे आकाशात दिसत नाही.

शोध मात्र थांबलेले नाहीत, आणि थांबू नयेत. येल विद्यापीठाच्या त्वरकावर अपोलो ११ने आणलेल्या मातीचे १५ ग्रॅम तपासले गेले. विलक्षण जड आणि कमी भाराची केंद्रके आढळली नाहीत. बोलिव्हियात चाकालताया पर्वतावर ५२०० मीटरांहून उंच ठिकाणी 'स्लिम' प्रयोगाच्या शोधपट्ट्या चार वर्षे उघड्या होत्या, त्यांच्यावरही काही उमटले नाही. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधल्या शिवाजी राहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व हिमालयातल्या संदकफूसारख्या उंच जागी साध्या पीईटी प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरण्याचा मार्ग धरला. किरकोळ कणांचे ओरखडे त्या प्लॅस्टिकवर उमटत नाहीत आणि जड, संथ कणाचा मात्र उमटतो, ही त्यातली देखणी गोष्ट. २०११ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असलेला एएमएस-०२ हाही वैश्विक किरणांत भाराच्या मानाने फार जड कण शोधू शकतो.

एक किस्सा सांगते, कारण त्यातून या पदार्थाचे माप कळते. टनभर वजनाचा तुकडा असेल तर त्याचा व्यास येतो जेमतेम सोळा-सतरा मायक्रॉन, केसाहून बारीक. दीर्घिकेतल्या वस्तूंच्या नेहमीच्या वेगाने, सेकंदाला अडीचशे किलोमीटरने, तो पृथ्वीतून आरपार जाईल आणि सुमारे पन्नास सेकंदांत दुसऱ्या बाजूने निघून जाईल. मागे उरेल सरळ रेषेतला भूकंपलहरींचा माग. २००२ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या गटाने १९९३ च्या भूकंप-नोंदींत अशा दोन खुणा सापडल्याचे मांडले. पुढे तपासात त्यातल्या एका नोंदीमागे एका स्थानकाच्या घड्याळातली चूक निघाली. मला या शोधाची कल्पना अजूनही उत्तम वाटते. नोंदी तपासणाऱ्यांचे कामही तितकेच मोलाचे.

विटेन यांच्या मूळ निबंधातली विश्वनिर्मितीची बाजू लवकर आटोपते. त्यांना वाटले होते की बाल्यावस्थेतले विश्व थंड होताना क्वार्क पदार्थाचे गोळे मागे राहिले असतील आणि कृष्णद्रव्य म्हणजे तेच असेल. त्यासाठी तो बदल पाणी गोठताना होतो तसा ठळक हवा. २००६ मध्ये जाळीवरच्या गणिताने दाखवले की विश्वात तो बदल सलग, कुठेही उडी न घेता झाला. नव्या यंत्रणा सुचवल्या जातात, पण मूळ वाट अरुंद झाली हे मान्य करावे लागते.

खरा निवाडा ताऱ्यांत आहे. न्यूट्रॉन ताऱ्यात न्यूट्रॉन मुबलक, आणि त्यांना भार नसल्याने विद्युत अडसर नाही. धन भाराचा जो तुकडा पृथ्वीवर निरुपद्रवी ठरतो, तोच न्यूट्रॉन ताऱ्यात पडला तर तारा आतून पालटत नेईल. यातून एक करकरीत निष्कर्ष निघतो, मॅडसेन आणि पुढे कॉल्डवेल व फ्रीडमन यांनी मांडलेला: स्ट्रेंज पदार्थ स्थिर असेल आणि दीर्घिकेत त्याचे तुकडे अगदी विरळ का होईना फिरत असतील, तर जवळजवळ सगळेच न्यूट्रॉन तारे एव्हाना स्ट्रेंज तारे झालेले असायला हवेत. मधली स्थिती टिकत नाही.

स्ट्रेंज तारा वेगळा कसा वागेल हे १९८६ मध्ये चार्ल्स अल्कॉक, फार्ही आणि अँजेला ओलिंटो यांनी, तसेच पोलंडमधल्या पावेऊ हेन्सेल यांच्या गटाने तपशिलात मांडले. न्यूट्रॉन ताऱ्याला गुरुत्व एकत्र धरते. स्ट्रेंज तारा प्रबळ आंतरक्रियेनेच बांधलेला, म्हणून लहानात लहान तारासुद्धा शक्य. न्यूट्रॉन ताऱ्याचे वस्तुमान कमी केले की तो फुगतो, स्ट्रेंज तारा आकसतो. पृष्ठभागावर घनता शून्यापासून हळूहळू न वाढता एकदम घन सेंटीमीटरला ४×१०^१४ ग्रॅमच्या घरात. बाहेर काहीशे फर्मी (प्रोटॉनच्या आकाराच्या मापाचे एकक) जाडीचा इलेक्ट्रॉनांचा थर, आणि त्यात सेंटीमीटरला १०^१७ व्होल्टच्या आसपास विद्युतक्षेत्र. या क्षेत्राच्या जोरावर साध्या पदार्थाचा एक पातळ थर वर अधांतरी तरंगू शकतो, फार तर सूर्याच्या लाखाव्या हिश्श्याचा.

हाच पातळ थर कल्पनेच्या मुळावर येतो. वेला पल्सारसारखे (नियमित स्पंद देणारे, स्वतःभोवती वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे म्हणजे पल्सार) तारे मधूनच एकदम वेग वाढवतात. १९६९ मध्ये पहिल्यांदा टिपलेल्या या 'ग्लिच' घटना नेहमीच्या समजुतीनुसार जाड कवचातल्या अतिप्रवाही न्यूट्रॉनांमुळे घडतात. स्ट्रेंज ताऱ्याच्या कवचात ते न्यूट्रॉन राहूच शकत नाहीत. सुटले की खाली जाऊन गिळले जातात. आणि वरच्या युक्तिवादाने एक तरी खरा न्यूट्रॉन तारा असेल तर स्थिर स्ट्रेंज पदार्थाची कल्पना अडचणीत येते. पृष्ठताण फार कमी असेल तर स्ट्रेंजलेटांचे स्फटिकी कवच बनू शकते, असा बचाव २००६ मध्ये आला. ग्लिचच्या बारकाव्यांना तो पुरतो असे मला वाटत नाही.

मग उमेदवार तारे? २००२ मध्ये चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून आरएक्स जे१८५६.५−३७५४ची त्रिज्या ४ ते ८ किलोमीटर मांडली गेली आणि क्वार्क तारा सापडल्याच्या बातम्या झळकल्या. पण त्याचा दृश्य प्रकाश क्ष-किरणांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा जास्त होता. पूर्ण पृष्ठभाग हिशेबात घेतल्यावर आकार नेहमीचाच निघाला. त्याआधी १९९९ मध्ये कोलकात्याच्या मीरा डे व जिष्णू डे यांच्यासह एका गटाने एसएएक्स जे१८०८.४−३६५८ हा सेकंदाला ४०१ वेळा फिरणारा तारा स्ट्रेंज असल्याचे सुचवले. २०२२ मध्ये एचईएसएस जे१७३१−३४७ या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या ०.७७ पट आणि त्रिज्या १०.४ किलोमीटर अशी नोंद आली. इतका हलका न्यूट्रॉन तारा ताऱ्याच्या स्फोटात (सुपरनोव्हात) बनवणे अवघड, म्हणून स्ट्रेंज ताऱ्याची आठवण साहजिक. मात्र तो आकडा ताऱ्याच्या अंतरावर आणि कार्बनी वातावरणाच्या गृहीतकावर उभा आहे, आणि मी तरी त्यावर घर बांधणार नाही.

जड बाजूने दाब वेगळा येतो. साध्या बॅग मॉडेलमध्ये चतुर्थमूळ १४५ला स्ट्रेंज ताऱ्याचे कमाल वस्तुमान सूर्याच्या दुपटीच्या आसपास, आणि बॅग स्थिरांक वाढवला की ते घटते. जे०७४०+६६२० हा तारा सूर्याच्या २.०८ पट आहे, आणि नायसर दुर्बिणीने त्याची त्रिज्या बारा-तेरा किलोमीटरच्या आसपास मोजली. म्हणजे सर्वांत साधे मॉडेल खिडकीच्या एका कडेला चिकटले. आंतरक्रिया आणि जोड्या जमेला धरल्या तर जागा मिळते, पण आता ती मोफत नाही.

१७ ऑगस्ट २०१७ च्या जीडब्ल्यू१७०८१७ या, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून गुरुत्वीय लहरी आल्या आणि मागोमाग जड मूलद्रव्यांची धग दिसली. ती धग न्यूट्रॉनांनी समृद्ध साध्या पदार्थाची आहे. दोन्ही तारे स्ट्रेंज असते तर उधळलेला पदार्थ प्रामुख्याने स्ट्रेंजलेटांचा असता. तो उष्णतेने वाफाळून न्यूट्रॉन झाला असे म्हणता येते, पण ते जुळवून घ्यावे लागते.

माझे मत विचाराल तर: शून्य दाबाला स्थिर असलेला स्ट्रेंज पदार्थ बहुधा नाही. मात्र जड न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात, दाबाखाली, क्वार्क मोकळे झाले असण्याची शक्यता मला चांगली वाटते. २०२० मध्ये ईमेली अन्नाला आणि सहकाऱ्यांनी केलेले विश्लेषणही त्याच बाजूला झुकते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गाभ्यातला पदार्थ दाब काढताच पुन्हा न्यूट्रॉन होईल, आणि त्याचा पृथ्वीवरच्या कुठल्याही भीतीशी संबंध नाही. माझे मत बदलायला काय लागेल तेही सांगते: आज माहीत असलेला सर्वांत वेगवान पल्सार सेकंदाला ७१६ फेरे घेतो, हजाराच्या बराच वर जाणारा सापडला, किंवा भरवशाचे अंतर असलेल्या ताऱ्याची त्रिज्या नऊ किलोमीटरच्या खाली निघाली, तर मी पुन्हा विटेन यांच्या बाजूने विचार करायला बसेन. विलीनीकरणानंतरच्या काही मिलिसेकंदांत नवा तारा ज्या वारंवारितेने थरथरतो तीही निर्णायक ठरेल, पण ती दोन-तीन किलोहर्ट्झच्या घरात असल्याने आजच्या यंत्रांना ऐकू येत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचा इथे उपयोग असा की चौथी-पाचवी वेधशाळा आल्यावर घटनेची आकाशातली जागा नेमकी ठरते, दुर्बिणी वेळेत वळतात, आणि उधळलेल्या पदार्थाचा वर्णपट पहिल्या तासांपासून हाती येतो.

तुम्हाला स्वतः हात घालायचा असेल तर सुरुवात सोपी आहे. तीन फर्मी वायू, एक बॅग स्थिरांक, विद्युत उदासीनता आणि दुर्बल समतोल, एवढे घेऊन शून्य दाबाची दर बेरिऑनमागची ऊर्जा काढा. स्ट्रेंजचे वस्तुमान ९५ घाला, मग क्वार्कांमधल्या आंतरक्रियेची पहिली दुरुस्ती घाला, मग पन्नास एमईव्हीची जोडीऊर्जा. प्रत्येक पायरीला ९३०ची रेषा कुठे येते ते आलेखावर काढून ठेवा, आणि त्याच स्थिरांकांनी ताऱ्याचे कमाल वस्तुमान २.०८ ओलांडते का ते शेजारच्या आलेखावर बघा.